एका देहाचा ज्वर

रमजान ईदच्या नमाजास निघण्यापूर्वी मुसलमान कुटुंबात फितरा बाजूस काढला जातो. घरातील तान्ह्या मुलाचाही त्यात वाटा असतो. पैगंबरांच्या काळी माणशी एक सा, म्हणजे खजुराच्या वा जवाच्या चार ओंजळी, असे त्याचे माप होते. सणाच्या दिवशी कोणा गरिबाची चूल थंड राहू नये, हा त्यामागील हेतू. नमाज आटोपल्यावर दिले, तर ते साधे दान ठरते, फितरा नव्हे. जेवणापूर्वी अतिथीची वाट पाहणाऱ्या आमच्या वाचकांस ही कालमर्यादा परकी वाटणार नाही.

ही निकड कोठून येते, हे पैगंबर महंमदांच्या एका दृष्टान्तावरून आम्हांस उमगते. नुमान इब्न बशीर यांनी कथन केलेली ती हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. परस्परांवरील दयेत श्रद्धावंत एका शरीरासारखे असतात. एक अवयव दुखला की सारे शरीर जागरणाने व ज्वराने त्यास साथ देते, असा तिचा आशय. यातील बारकावा पाहावा. पायात काटा रुतला म्हणून हातास जखम होत नाही; झोप मात्र सर्वांगाची उडते.

२००४ साली लंडनमध्ये तानिया सिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा जोडप्यांवर एक प्रयोग केला. मेंदूचे चित्र टिपणाऱ्या यंत्रात स्त्री, शेजारी तिचा जोडीदार. विजेचा झटका कधी तिच्या हाताला, कधी त्याच्या. झटका त्याला बसे, तेव्हा वेदनेचे स्थान नोंदविणारा तिच्या मेंदूचा भाग स्वस्थ राही. वेदनेचा क्लेश जाणविणारे भाग मात्र जागे होत. जखम त्याची, तळमळ तिची! मानसशास्त्र हिला समानुभूती म्हणते. आपल्या घरांतील जुना शब्द कळवळा. विज्ञानाने धर्मवचन सिद्ध केले, असा डांगोरा पिटण्याची आम्हांस हौस नाही. दोघांची दृष्टी एकाच गोष्टीवर गेली, इतकेच.

खरी अडचण पुढेच आहे. प्रयोगातील पुरुष त्या स्त्रीचा प्रियजन होता, दृष्टान्तातील अवयव एकाच श्रद्धेचे. मग परक्याचे काय? फुटबॉलच्या शौकिनांवरील २०१० च्या एका प्रयोगात, प्रतिपक्षाच्या चाहत्याची वेदना मनाला कमी भिडते, असेच आढळले.

बुखारींच्याच संग्रहात एक प्रसंग आहे. जवळून एक प्रेतयात्रा चालली होती. पैगंबर उठून उभे राहिले. प्रेत यहुद्याचे आहे, असे सोबत्यांनी निदर्शनास आणले. जीव तर त्याच्यातही होता ना, अशी त्यांनी उलट विचारणा केली.