नवा कोड, नवी नोकरी आणि न विचारलेले प्रश्न

शिरूरहून खराडीला आणि दौंडहून हडपसरला रोज कामाला जाणाऱ्यांत सॉफ्टवेअर कंपन्यांतली तरुण मुलं-मुली आता सहज दिसतात. नगर रस्त्याने रांजणगाव, सणसवाडीचे कारखाने मागे टाकत पुण्याकडे गेलं की खराडीचं ईऑन आयटी पार्क येतं. दौंडच्या बाजूला २०१७ मध्ये डेमू रेल्वे सुरू झाली. केडगाव, यवत, उरुळीची मुलं त्या गाडीने येऊन मगरपट्टा गाठतात. यातल्या कितीतरी घरांत इंजिनीअर झालेली ही पहिलीच पिढी. पहिल्या पगाराचे पेढे वाटून होतात आणि महिन्याभरात मुलगा घरी गप्प गप्प राहू लागतो. आईला वाटतं, प्रवासाचा शीण असेल. खरं कारण वेगळंच असतं. ऑफिसात जे समोर येतं त्यातलं फारसं काही कळत नाही, आणि तसं सांगायची लाज वाटते.

या लाजेला काही आधार नाही, हे त्या मुलाला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं.

कॉलेजातला प्रोग्रॅम दोन-चारशे ओळींचा असतो. तो आपणच लिहिलेला, त्यामुळे आरंभापासून शेवटपर्यंत डोक्यात बसतो. कंपनीतला कोड लाखो ओळींचा, वर्षानुवर्षं अनेक हातांनी वाढवलेला, आणि त्यातले बरेच हात नोकरी सोडून गेलेले. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीची पहिली आवृत्ती दिली, ती सुमारे दहा हजार ओळींची होती. आज तो कोड अडीच कोटी ओळींच्या पुढे गेला आहे. स्वतः टोरवाल्ड्सही वेगवेगळ्या भागांसाठी त्या त्या भागाच्या जाणकारांवर विसंबतात. भीमेकाठच्या जुन्या बागायतीत आजोबांनी पुरलेली पाइपलाइन असते. कुठला कॉक फिरवला की कुठल्या वावरात पाणी निघतं, हे नकाशात सापडत नाही. वाटेकऱ्याबरोबर चार पाळ्या दिल्या की कळतं. मोठा कोडही असाच कळत जातो.

काही न कळण्याचं दुसरं कारण मेंदूच्या कामकाजात आहे. माणूस तात्पुरत्या स्मृतीत एका वेळी सातच्या आसपास गोष्टी धरू शकतो, असं जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडलं. पुढच्या संशोधकांनी तो आकडा चारपर्यंत खाली आणला. नवं शिकताना या स्मृतीवरचा भार मर्यादेपलीकडे गेला की शिकणंच अडतं, हे जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून दाखवून दिलं. आता फ्रेशरचा पहिला आठवडा बघा. अनोळखी फ्रेमवर्क, गिटच्या ब्रँच, तिकिटं, सकाळचा स्टँडअप, विमा किंवा बँकिंगचे कधी न ऐकलेले नियम, हे सगळं एकदम अंगावर येतं. अनुभवी माणसाला यातलं निम्मं सवयीने येतं, म्हणून त्याचं डोकं उरलेल्या प्रश्नाला मोकळं असतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला तर प्रश्न विचारण्याआधी त्याचं इंग्रजी वाक्यही मनात जुळवावं लागतं. ते जुळेपर्यंत मीटिंग पुढे सरकलेली असते.

मग शिकायचं कसं? याच शिरूर तालुक्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, आणि ते कामही गावाच्या खऱ्या उपयोगाचं हवं, ही तिथली पद्धत. वेल्डिंग, बांधकाम, शेती करताना अडलं की त्यामागचं विज्ञान विचारायचं. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅब ही कार्यशाळा उभी राहिली. सॉफ्टवेअरच्या पहिल्या नोकरीत मला काम करत शिकायची हीच वाट सगळ्यात भरवशाची वाटते. सगळा कोड वाचायला बसू नका. एक लहानसा बग घ्या. स्क्रीनवरचं बटण दाबल्यापासून डेटाबेसमध्ये नोंद होईपर्यंत त्या एका वाटेचा माग काढा आणि तो वहीत लिहून ठेवा. अमुक ओळ कुणी, कधी बदलली हे गिटच्या इतिहासात सापडतं. ती का बदलली हेही पुष्कळदा कळतं. एआयकडून कोड लिहून घ्यायला हरकत नाही, पण रिव्ह्यूमध्ये समजावून सांगता येणार नाही अशी ओळ पुढे पाठवू नका.

आणि विचारा. अर्धा तास स्वतः झटा, मग उठा. काय करायचं होतं, काय करून पाहिलं, एरर काय आली, एवढं सांगितलं की समोरच्याचाही वेळ वाचतो. शेजारी मराठी माणूस असेल तर खुशाल मराठीत विचारा.

टीम लीड मंडळींनाही एक सांगणं आहे. आयबीएमच्या ओएस/३६० प्रकल्पाच्या अनुभवावर फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये पुस्तक लिहिलं. रखडलेल्या प्रकल्पात नवी माणसं घातली की तो आणखी रखडतो, कारण जुन्या माणसांना काम सोडून त्यांना शिकवावं लागतं, हे त्यांचं निरीक्षण. नवा माणूस सुरुवातीला संथ असणार, हे या धंद्याला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. तो वेळ कंपनीने आपल्या हिशेबात धरायला हवा. त्याचं ओझं बावीस वर्षांच्या मुलीच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

आपण चुकून इथे आलो, एक दिवस हे उघडं पडेल, ही भीती कर्तबगार माणसांतही आढळते. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांच्या अनुभवांवरून ती नोंदवली. हा आजार नव्हे. पण झोप उडाली, जेवण जाईनासं झालं, रविवार संध्याकाळपासूनच छातीत धडधडू लागलं, तर घरच्यांनी 'होईल सवय' म्हणून विषय संपवू नये. मुलाला किंवा मुलीला बोलतं करा, गरज वाटली तर डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.