असं का होतं? : लोकलचा खडखडाट चालतो, मालिका नाही

बोरिवली लोकलच्या खडखडाटातही मुलं नोट्स वाचतात. घरी मात्र टीव्हीवरची मालिका पान उलटू देत नाही. आवाज तर लोकलचा मोठा! पाठ करताना आपण शब्द मनात क्रमाने उच्चारतो. कानावर पडणारं बोलणं क्षणोक्षणी बदलतं आणि मेंदू आपोआप त्याचाही क्रम लावू लागतो. एकाच फळ्यावर दोघांनी लिहावं तशी सरमिसळ होते. लोकलची एकसुरी घरघर फारशी बदलत नाही, म्हणून मागे पडते. संशोधक कोल आणि वेल्श यांनी १९७६ मध्ये विद्यार्थ्यांना न समजणारं जर्मन ऐकवलं, तरी त्यांच्या स्मरणात चुका वाढल्या. त्यामुळे ‘लक्ष देऊ नकोस’ हा सल्ला अन्यायाचाच. मुलुंड-घाटकोपरच्या एका खोलीच्या घरात पाठांतर पहाटे करावं. आकृत्या, वह्या पूर्ण करणं मालिकांच्या वेळेला ठेवावं.