अग्निपिंडाचा कर्करोग व नवोद्भूत मधुमेह

अग्निपिंडाचा कर्करोग व नवोद्भूत मधुमेह : वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेला मधुमेह हे थोड्या रुग्णांत अग्निपिंडाच्या (स्वादुपिंडाच्या) कर्करोगाचे सर्वांत आधी दिसणारे लक्षण असते [⟶ अग्निपिंड, मधुमेह].

ही ग्रंथी जठराच्या मागे खोलवर असल्यामुळे तीत वाढणारे अर्बुद (गाठ) सहसा हाताला लागत नाही. ग्रंथीच्या शीर्षभागातील अर्बुदामुळे पित्तनलिका दाबली गेल्यास कावीळ होते. मध्यभागातील व पुच्छातील अर्बुद मात्र पोटात वा पाठीत वेदना सुरू होईपर्यंत बहुधा लक्षात येत नाही. परिणामी निदानाच्या वेळी सु. १५ ते २० टक्के रुग्णांतच अर्बुद शस्त्रक्रियेने काढून टाकणे शक्य असते. म्हणून त्याआधी मिळणाऱ्या कोणत्याही सूचनेस महत्त्व आहे.

मधुमेह व हा कर्करोग यांचा संबंध दुहेरी आहे. अनेक वर्षांच्या मधुमेहामुळे कर्करोगाचा धोका काहीसा वाढतो. येथे मधुमेह हे कारण होय. याउलट कर्करोगाच्या निदानापूर्वी दोन-तीन वर्षांत उद्भवलेला मधुमेह हा पुष्कळदा अर्बुदाचाच परिणाम असतो. अर्बुदाने ग्रंथीचा नाश केल्यामुळे इन्शुलीन कमी पडते, एवढेच स्पष्टीकरण पुरेसे नाही. अर्बुद लहान असतानाही रक्तातील ग्लुकोज वाढलेले आढळते आणि शस्त्रक्रियेत ग्रंथीचा काही भाग गमावूनही काही रुग्णांचा मधुमेह सुधारतो. अर्बुदातून स्रवणारी ॲड्रेनोमेड्युलीनसारखी द्रव्ये इन्शुलीन निर्माण करणाऱ्या बीटा कोशिकांचे कार्य मंदावतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. शिवाय शरीराचा इन्शुलिनाला मिळणारा प्रतिसादही क्षीण होतो.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथील ५० वर्षे वा अधिक वयाच्या २,१२२ नवमधुमेहींच्या नोंदींवर आधारित अभ्यास सुरेश चारी व त्यांचे सहकारी यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी १८ जणांत (०·८५ टक्के) तीन वर्षांच्या आत या कर्करोगाचे निदान झाले. हे प्रमाण अपेक्षेच्या सु. आठपट होते, तथापि ९९ टक्क्यांहून अधिक नवमधुमेहींत त्या काळात हा रोग आढळला नाही, ही बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. सर्वच नवमधुमेहींच्या सखोल तपासण्या केल्यास अनेकांना विनाकारण भीती व खर्च सोसावा लागेल.

यास्तव अधिक धोक्याचे रुग्ण वेगळे काढणे आवश्यक ठरते. टाइप २ मधुमेह सामान्यतः वजन वाढत असताना उद्भवतो. कर्करोगजन्य मधुमेहात मात्र ग्लुकोज वाढत असतानाच वजन घटू लागते. वय, वजनातील बदल व ग्लुकोजमधील बदल या तीन गोष्टींवर आधारलेली ‘एन्डपॅक’ ही गुणांकन पद्धती २०१८ मध्ये मांडण्यात आली. अनियंत्रित मधुमेहामुळेही वजन घटते. त्यामुळे केवळ या लक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही. रक्तातील सीए १९-९ या द्रव्याची पातळी पित्तमार्गातील अवरोधामुळेही वाढते, तर काही व्यक्तींत ते तयारच होत नाही. म्हणून केवळ त्यावर विसंबता येत नाही. संशय बळावल्यास सी. टी. परीक्षा व आवश्यकतेनुसार अंतर्दर्शकाद्वारे श्राव्यातीत ध्वनिपरीक्षा करतात.

पन्नाशी उलटलेल्या, कुटुंबात मधुमेह नसलेल्या व आहारात बदल न करताही वजन घटत असलेल्या व्यक्तीस मधुमेह झाल्यास केवळ औषध सुरू करून न थांबता त्याच्या कारणाचा शोध घेणे इष्ट असते.