भेंडी पिवळी दिसली की लगेच युरिया? थांबा, आधी पान पाहा

खकनार : पाऊस उघडला, भेंडी जरा पिवळी दिसली की हात पहिला युरियाच्या गोणीकडे जातो. कारण साधं आहे. ४५ किलोची गोणी साधारण २६७ रुपयांना मिळते, डीएपीची ५० किलोची १,३५० रुपयांना. स्वस्त आहे म्हणून युरिया सढळ हाताने पडतो. पण भेंडीत हीच सवय महाग पडते. कशी, ते पाहू.

एकरी किती लागतं?

सीमेच्या अलीकडे नाइट्रोजन, फॉस्फोरस, पोटाश म्हणतात. पलीकडे नत्र, स्फुरद, पालाश. गोष्ट एकच. भेंडीला साधारण शिफारस हेक्टरी १००:५०:५० किलोची, म्हणजे एकरी ४०:२०:२०.

युरियात ४६ टक्के नत्र असतं. एका गोणीत झालं २०.७ किलो. म्हणजे एकरी दोन गोण्यांत काम भागतं. डीएपीची एक गोणी टाकली असेल तर त्यातून ९ किलो नत्र येतंच. मग युरिया दीड गोणी पुरे. सोबत पोटॅश ३३ किलो आणि चांगलं कुजलेलं शेणखत. अर्धं नत्र पेरताना, उरलेलं महिन्याभराने, जमिनीत ओल असताना आणि मातीआड करून द्यायचं. कोरड्या जमिनीवर फेकलेल्या युरियातलं नत्र हवेत उडतं, जोराच्या पावसात ते वाहून जातं.

जास्त झालं तर?

एका मर्यादेपर्यंत नत्राने झाड वाढतं, फळं वाढतात. पुढे नुसता पाला वाढतो, फुलं उशिरा लागतात. चार गोण्या टाकल्या तर नत्र ८३ किलो होतं, म्हणजे दुप्पट. जादा खर्च फक्त ५३३ रुपये दिसतो, पण कोवळ्या, रसाळ पाल्यावर तुडतुडे, मावा, पांढरी माशी येते आणि फवारणीचा खर्च सुरू होतो.

पिवळेपणा तीन प्रकारचा

१. खालची जुनी पानं आधी, पूर्ण पान फिकट : नत्र कमी. इथे युरिया कामाचा.

२. वरची नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या : बहुतेक लोह कमी. चुनखडी जमिनीत हे दिसतं.

३. शिराच पिवळ्या, पानावर पिवळी जाळी : हा हळद्या, विषाणूचा रोग. तो पांढरी माशी पसरवते. रोगट झाड बरं करणारं औषध नाही. सुरुवातीलाच उपटून नष्ट करा आणि माशी आवरा. इथे युरिया टाकला तर पाला वाढेल, माशीही वाढेल. परभणी क्रांती, अर्का अनामिका हे वाण रोग सहन करणारे म्हणून आले, तरी लक्ष ठेवावंच लागतं.

ताटातल्या भेंडीचं काय?

१०० ग्रॅम कच्च्या भेंडीत साधारण २३ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, ८० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३ ग्रॅम तंतू असतात. ९० टक्के पाणीच. नत्र गरजेपेक्षा जास्त झालं की भाज्यांमध्ये साधारणपणे क जीवनसत्त्व घटतं आणि नायट्रेट साठतं. वजन भरतं, कस उतरतो. पालाश प्रमाणात असेल तर फळाचा दर्जा टिकतो. आपल्या काळ्या जमिनीत पालाश बहुधा बरं असतं, पण तपासल्याशिवाय ते धरून चालू नका.

मग करायचं काय?

पेरणीआधी शेतात ८-१० ठिकाणी वीतभर खोल खड्डा घेऊन माती काढा, मिसळा आणि त्यातली अर्धा किलो तपासायला द्या. इकडच्यांना बुऱ्हाणपूरचं कृषी विज्ञान केंद्र, रावेरकडच्यांना पालचं केंद्र आहे. नमुना कुठे द्यायचा ते तिथे विचारता येईल. कार्डावर नत्र, स्फुरद, पालाश किती ते पाहूनच गोण्या ठरवा. दुकानदाराला 'किती टाकू?' विचारण्याआधी मातीला विचारलेलं बरं.