धान्याच्या पेटीचे झाकण व बिजागऱ्या

रामटेक परिसरातील शेतकऱ्यास गहू-हरभऱ्याचे बियाणे फाल्गुन-चैत्रापासून कार्तिकापर्यंत घरी राखावे लागते. म्हणजे सबंध पावसाळा त्या बियाण्यास पेटीत काढावा लागतो. पेटी करविताना आपण लाकडाची चौकशी कसून करतो. बिजागरी मात्र बाजारात जी हाती लागेल ती आणतो. पुढे श्रावणात झाकण फुगून अडते, ओढाताणीत स्क्रू उपसून येतात, झाकण एका अंगास कलते व तेथून उंदीर आत शिरतो. पाव इंचाची फट उंदराच्या पिलास पुरते.

चार फूट लांब, दोन फूट रुंद व अडीच फूट उंच पेटीत चार क्विंटलांहून अधिक गहू मावतो. (मेट्रिक मापे 1962 पासून सक्तीची झाली, तरी सुतारांचा हिशेब फूट-इंचांतच चालतो, म्हणून येथे तीच मापे दिली आहेत.) एवढ्या धान्याचा रेटा चारही बाजूंस बसतो. म्हणून समोर कपाटासारखे दार ठेवू नये. तो सारा भार बिजागऱ्या व कडीवर येतो. दार म्हणजे वरचे झाकणच असावे. खालून धान्य काढावयाचे असल्यास खोबणीत सरकणारे वीतभर फळकूट पुरेसे होते. कोपरे नुसत्या खिळ्यांनी जोडू नयेत. फळ्यांची टोके एकमेकींत अडकतील अशा खाचा कराव्यात, किंवा कोपऱ्यात खुंट उभे करून त्यांच्या खोबणीत फळ्या बसवाव्यात.

आता झाकणाविषयी. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र वाढते. दोन फूट रुंदीचे सागाचे झाकणही उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत सुमारे पाव इंच फुगू शकते. चौकटीच्या आत घट्ट बसविलेले झाकण म्हणूनच अडते. ते काठावर टेकणारे करावे व समोरून आणि बाजूंनी इंचभर खाली उतरणारी पट्टी जोडावी. उन्हाळ्यात झाकण आक्रसते, त्यासाठी समोरच्या पट्टीमागे थोडी जागा सोडावी.

एक इंच जाडीच्या अशा झाकणाचे वजन बारा किलोच्या आसपास भरते. त्यास पुस्तकासारखी उघडणारी साधी बिजागरी लावली, तर स्क्रू फळीच्या कडेत जातात व लवकर सैल होतात. त्यापेक्षा लांब पात्याची पट्टी-बिजागरी बरी. तिचे पाते झाकणाच्या पाठीवर दोन-तीन फळ्यांवरून जाते व फळ्यांनाही धरून ठेवते. आसाजवळचा स्क्रू घट्ट बसवावा; पुढील भोके कानसीने पात्याच्या लांबीच्या दिशेने किंचित लांबट करावीत, म्हणजे लाकूड फुगले तरी फाटणार नाही. दोन बिजागऱ्या दोन्ही टोकांपासून आठ-नऊ इंचांवर व तिसरी मध्यावर लावावी. तिन्ही आस एका सुतात आहेत की नाहीत, हे दोरी धरून पाहावे. हे पाहण्याचा कंटाळा केल्याने जितक्या बिजागऱ्या मोडतात, तितक्या हलक्या लोखंडाने मोडत नसाव्यात.

स्क्रू हातोडीने ठोकण्याची वाईट खोड पुष्कळ ठिकाणी आहे. ठोकलेला स्क्रू लाकडाचे तंतू तोडतो व खिळ्याइतकीही पकड राहत नाही. आधी बारीक भोक पाडावे, स्क्रूस साबण चोळावा व पेचकसाने फिरवावा. पितळी स्क्रू नरम असतात. प्रथम त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून काढावा, मग पितळी बसवावा. फळीच्या टोकाकडून, म्हणजे तंतूंच्या दिशेने घातलेला स्क्रू नीट धरत नाही.

झाकण मागे कोसळल्यास बिजागऱ्या उखडतात. त्यासाठी आत साखळी लावावी व उघडे झाकण हातावर पडू नये म्हणून टेकू द्यावा. आपोआप अडकणारी कडी लावू नये. रिकाम्या पेटीत लपलेले मूल आत कोंडले जाण्याचा धोका खरा आहे.

साग घेताना मधले पक्के लाकूड पाहून घ्यावे; बाहेरचा फिकट भाग किडीस व वाळवीस बळी पडतो. खरेदीची पावती व वाहतूक परवाना जपून ठेवावा. पेटी भिंतीपासून हातभर दूर, दगडांवर उचलून ठेवावी. लाकडी पेटी हवाबंद नसते, तेव्हा धान्य दातांखाली कडकन फुटेल इतके वाळवूनच भरावे.

पेटीस बाहेरून उकळलेले जवसाचे तेल द्यावे व बिजागऱ्यांच्या आसात मृगापूर्वी तेलाचा थेंब सोडावा. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा गोळा घरात टाकू नये, तो आपोआप पेट घेऊ शकतो. त्या अंगणात पसरून वाळवाव्यात.