आधी चादर, मग सुई

बी.एस्सी. नर्सिंगला आलेल्या मुलामुलींना पहिल्या दिवसापासून इंजेक्शन द्यायची घाई असते. आम्ही ट्यूटर मंडळी त्यांच्या हाती आधी देतो ती चादर. ओढा, कोपरे दुमडा, पुन्हा ओढा. एकही सुरकुती चालत नाही. अर्धांगवायूच्या पेशंटला स्वतःहून कूस बदलता येत नाही. माकडहाड, टाचा, डोक्याची मागची बाजू, इथली कातडी हाड आणि गादीच्या मध्ये दाबली जाते, रक्त पोचत नाही. त्यात सुरकुती आणि ओल. आधी नुसता लाल डाग दिसतो. त्यावर बोट दाबून उचलल्यावरही तो लालच राहिला, तर समजायचं की जखमेची सुरुवात झाली. गोऱ्या कातडीवर हे चटकन दिसतं. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर हाताला लागणारी ऊब आणि कडकपणाही तपासावा लागतो.

दुसरी गोष्ट श्वास मोजण्याची. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. हात तसाच ठेवून नजर छातीकडे वळवायची, पूर्ण मिनिटभर. श्वास मोजतायत हे पेशंटला कळलं की श्वास बदलतो. चार्टवर ओळीने २०, २०, २० दिसलं की मी तो परत देते. तब्येत ढासळताना अनेकदा रक्तदाब उतरण्याच्या आधी श्वासाचा वेग वाढतो. तो आकडा अंदाजाने लिहिणं मला अजिबात खपत नाही.

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात चार वर्षांची आठ सत्रं झाली. शरीररचना, जीवरसायन, औषधशास्त्र, सगळं आहे. ५०० मिली सलाईन आठ तासांत द्यायचं, सेटचे २० थेंब म्हणजे एक मिली, तर मिनिटाला साधारण २१ थेंब; हा हिशोब खाटेपाशी उभं राहून जमला पाहिजे.

पण त्यासाठी खाटेपाशी उभं राहायला मिळायला हवं. कित्येक वॉर्डांत विद्यार्थ्यांना फुकटचे हात समजून दिवसभर सॅम्पल पोचवायला पळवतात. याचा मला मनापासून राग येतो. मी इन्चार्जना दरवेळी एकच विनंती करते, "सिस्टर, हिला दोनच पेशंट द्या, पण पूर्ण द्या. औषध, जेवण, लघवीचं माप, कूस बदलणं, नातेवाइकांशी बोलणं, सगळं तीच बघेल. मी इथेच आहे."