सूज उतरते, दुखापत राहते

कबड्डीत चढाईपटू पाय धरून कोसळला की पुढची दोन मिनिटं बहुतेक मैदानांवर सारखीच जातात. कुणी स्प्रे घेऊन धावतं, कुणी पाय ओढून सांधा ‘बसवायला’ बघतं, कुणी घोटा खसाखसा चोळायला लागतं. मग क्रेप बँडेज, टाळ्या, आणि पोरगा लंगडत पुन्हा चढाईला. त्याच्या जिगरीचं कौतुक मनापासून होतं. पण अशा वेळी त्याला मैदानाबाहेर बसवणं हीच खरी माया आहे, असं माझं ठाम मत आहे.

पाय मुरगळतो तेव्हा बहुधा पाऊल आतल्या बाजूला वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारे तंतू, ताणतात किंवा फाटतात. फाटलेल्या तंतूंमधून आत रक्त झिरपत असतं. चोळल्यानं, शेकल्यानं ते वाढतं. हाड मोडलं असेल तर ओढाताणीत ते जागचं हलू शकतं. म्हणून पहिले दोन दिवस चोळणं नाही, गरम शेक नाही, दारू तर नाहीच. पट्टी बांधावी, झोपताना पाय उशीवर ठेवावा आणि बोटं बधिर झाली किंवा निळी पडली तर पट्टी लगेच सैल करावी.

हाड मोडलंय की नुसतं मुरगळलंय, हे ओळखायला कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये साधे नियम मांडले. जगभरातले दवाखाने आजही ते वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाडाचे जे उंचवटे असतात, त्यांच्या मागच्या कडेवर टोकापासून वर 6 सेंटीमीटरपर्यंत बोटानं दाबून पाहायचं. हाडावरच कळ आली तर एक्स-रे काढायचा. दुखापत झाल्याबरोबर आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तरीही काढायचा. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मधोमध एक उंचवटा लागतो. तिथं दाबून दुखलं तर पावलाचाही एक्स-रे हवा. यातलं काहीच नसेल तर घोट्याचं हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी. लहान मुलांची हाडं वाढत असतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत शंका आली तरी डॉक्टरकडेच न्यावं.

बर्फाचं काय? विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं ही चौकडी गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरनं 1978 मध्ये आपल्या पुस्तकातून रूढ केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘राइस’ म्हणतात. पुढे याच मर्किननी जाहीरपणे लिहिलं, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी जखम भरायला उलट उशीर लागू शकतो. कारण सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग आहे. आज व्यवहारात असं धरावं: ठणका कमी करायला फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावायला हरकत नाही, महिनाभर खाटेवर पडून राहणं मात्र चूक. दुखणं सोसवेल इतपत पाय हलवत राहावा, हळूहळू त्यावर भार टाकावा.

आणि इथूनच खरं काम सुरू होतं, जे आपल्याकडे जवळजवळ कुणीच पुरं करत नाही. लिगामेंट नुसते हाडांना बांधून ठेवत नाहीत. पाऊल कुठं, किती कलतंय याची खबर मेंदूला देणाऱ्या संवेदना त्यांच्यातही असतात. लिगामेंट फाटला की ती खबर अडखळते. सूज उतरते, दुखणं जातं, पण पाय वेडावाकडा पडतोय हे स्नायूंना उशिरा कळतं आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो. यावर उपाय फुकटातला आहे: दुखऱ्या पायावर, एकाच पायावर उभं राहायचं. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून, मग उभ्या उभ्या चेंडू झेलत. त्यानंतर लंगडी, उड्या, शेवटी झपकन वळणं. दुखऱ्या पायावरची लंगडी चांगल्या पायाइतकी ताकदीनं जमेपर्यंत सामना खेळू नये. ‘पंधरा दिवस झाले, आता खेळ’ हे कॅलेंडर बघून सांगता येत नाही.

गुडघ्याची गोष्ट याहून गंभीर. हुलकावणी देताना पाऊल मॅटवर घट्ट रुततं, अंग वळतं आणि मधला गुडघा पिळवटतो. कुणाचा धक्काही लागलेला नसतो. आत ‘टक्’ झाल्यासारखं वाटतं आणि काही तासांत गुडघा टम्म फुगतो. इतक्या झटकन आलेली सूज म्हणजे बहुधा सांध्यात रक्त साठलेलं असतं, आणि त्यामागे अनेकदा पुढचा क्रूसिएट लिगामेंट, म्हणजेच एसीएल, फाटलेला असतो. फसगत पुढे होते. काही आठवड्यांत सूज उतरते, सरळ धावताही येतं, खेळाडूला वाटतं सुटलो. मग एका वळणावर गुडघा सटकतो आणि आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटते. कूर्चा झिजायला लागते ती अशी.

2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कुस्तीपटू विनेश फोगाट चिनी प्रतिस्पर्ध्याशी लढताना उजवा गुडघा धरून आखाड्यात पडली आणि तिला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. एसीएलची शस्त्रक्रिया झाली. दोन वर्षांनी, 2018 मध्ये, तिनं जाकार्तातल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. या दोन तारखांमधला काळ मोजण्यासारखा आहे. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर खेळाडूंचा माग ठेवणाऱ्या, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत परतणं लांबवलेल्या दर महिन्यागणिक गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यानं घटत गेलं. आपल्याकडे सहाव्या महिन्यात पोरगं जिल्हा स्पर्धेत उतरतं, कारण निवड चाचणी तोंडावर असते.

दुखापत टाळण्याचं शास्त्रही आता पुरेसं पक्कं आहे. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ हा वीस मिनिटांचा सराव घ्या: जॉगिंग, पाय आणि पोटाची ताकद, तोल, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं. नॉर्वेतल्या फुटबॉल खेळणाऱ्या किशोरवयीन मुलींवर तो तपासला (अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला), तेव्हा गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्याला लागतं काय? मोकळी जागा आणि हटून बसणारा प्रशिक्षक.

2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ते बघून तालुक्या-तालुक्यात पोरं खांबावर सूर मारायला शिकतायत. त्यांच्या घोट्या-गुडघ्यांची जबाबदारी कुणाची, हे आताच ठरवायला हवं.

मंडळांनो, यंदाच्या स्पर्धेत एक ढाल कमी करा. त्या पैशात बर्फाची पेटी, पायाला बांधायची आधाराची फळी आणि एक फिजिओथेरपिस्ट मैदानावर बसवा. आणि तो ‘याला खेळवायचं नाही’ म्हणाला, की अंतिम सामन्यातही त्याचा शब्द शेवटचा माना.